स्कान्नो: दरडीनं केलेलं तळं, मेंढरांनी उभं केलेलं गाव

इटलीच्या आब्रुत्सो प्रांतातलं स्कान्नो समुद्रसपाटीपासून सुमारे १०५० मीटरवर आहे. तळं गावाला लागून नाही, दोनेक किलोमीटर खाली आहे. पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं तळं म्हणून लोक थेट काठावर जातात आणि निराश होतात, कारण काठावरून तो आकार दिसतच नाही. त्यासाठी सांत'एजिदिओच्या मठाकडची पायवाट चढावी लागते. वरूनसुद्धा ठरावीक कोनातूनच बदाम जुळतो.

हे तळं दरडीमुळे झालं. मोंते जेनत्साना डोंगराचा कडा प्रागैतिहासिक काळात कोसळला, तास्सो नदी अडली आणि मागे पाणी साठलं. बांध दगडमातीचा, म्हणून पाणी त्यातून झिरपत जातं आणि खाली विल्लालागो गावाजवळ झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. कोरड्या वर्षी पातळी उतरते, ती उगाच नाही. कडा जिथून तुटला तिथल्या वस्तीचं नाव फ्रात्तुरा, म्हणजे 'भंग'. जुनं फ्रात्तुरा १३ जानेवारी १९१५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. नवं शेजारीच वसवलं.

गावाची श्रीमंती मात्र पाण्याची नव्हे, मेंढरांची. डोंगरात हिवाळा कडक, म्हणून कळप शरद ऋतूत दक्षिणेकडच्या पुलिया प्रांताच्या सपाट कुरणांकडे निघत आणि उन्हाळ्याआधी परतत. १४४७ मध्ये नेपल्सच्या आल्फोन्सो राजानं या ये-जा करणाऱ्या मेंढरांवरच्या कराची पद्धतशीर व्यवस्था लावली. तिचं मुख्य ठाणं पुढे पुलियातल्या फोज्जा शहरात होतं. कळपांच्या वाटा, म्हणजे त्रात्तुरो, साठ नेपोलिटन पावलं (नेपल्सचं जुनं माप) रुंद असत: १११ मीटर! चरत-चरत जायचं तर एवढी जागा हवीच. लोकरीच्या पैशातून सतराव्या-अठराव्या शतकांत कोरीव दरवाजांची घरं उभी राहिली. १८०६ मध्ये कायदा बदलला, पुलियाची कुरणं नांगराखाली जाऊ लागली आणि हा व्यवसाय हळूहळू ओसरला.

कर्ते पुरुष हिवाळाभर बाहेर, त्यामुळे गावात त्या महिन्यांत मुख्यतः बायकांचाच वावर. त्यांचा लोकरीचा जाड काळा पोशाख विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रोजच्या वापरात राहिला आणि छायाचित्रकारांना त्यानंच ओढून आणलं. १९३० मध्ये डच चित्रकार एशरनं इथल्या गल्लीचं शिळामुद्रित चित्र केलं, १९५१ मध्ये फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ आले, १९५७ मध्ये इटालियन छायाचित्रकार मारिओ जाकोमेल्ली. काळ्या पोशाखातल्या बायकांमधून चालत येणाऱ्या मुलाचं जाकोमेल्लींचं छायाचित्र न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: आज तो पोशाख रस्त्यावर सहसा दिसत नाही. १४ ऑगस्टच्या लग्नाच्या पारंपरिक मिरवणुकीत मात्र हमखास दिसतो. सोन्याच्या तारकामातले दागिने, विशेषतः वाग्दत्त वधूला द्यायचं प्रेझेंतोझा हे पदक, अजूनही इथल्या सोनारांकडे मिळतं.

पोहोचायचं तर रोमहून रेल्वेनं सुल्मोना, पुढे बस. रस्ता सजित्तारिओ नदीच्या अरुंद घळीतून जातो. वळणं लागणाऱ्यांनी पोट हलकं ठेवावं. रविवारी बस कमी असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून मगच तळ्याकडे उतरावं. उतरताना सोपं वाटतं, पण तळं सुमारे ९२० मीटरवर आहे, म्हणजे येताना शंभरावर मीटर चढून यायचं आहे. गावातही पायऱ्याच पायऱ्या, आणि पावसात त्यांचा गुळगुळीत झालेला दगड निसरडा होतो.