गवताच्या माळावर काजू लावताय? कलमं न्यायच्या आधी हे वाचा

दरवर्षी मे महिन्यात मुंबईकर मंडळी येतात, गाडी नर्सरीच्या दारात लागते आणि पहिला प्रश्न, "कलमा आसत काय?" आसत, पण खड्डे मारलेत का विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. मग घाईघाईत गडी शोधायचे, करडातच (माळावरच्या गवतातच) फूटभर उकरून कलम रोवायचं आणि गणपतीला येऊन बघावं तर कलम कुठलं नि गवत कुठलं काही कळत नाही. म्हणून आता आम्ही सरळ सांगतो, खड्डे भरून तयार नसतील तर कलमं देत नाही. (आमच्या पार्टनरला हे अजिबात पटलेलं नाही, पण असो.)

जागा बघायची ती गणपतीत किंवा दिवाळीला आलात की. पाऊस गेल्यावर जिथलं गवत सगळ्यात आधी पिवळं पडतं तिथे बहुतेक खाली कातळ वर आलेला असतो. चार-पाच ठिकाणी पहार मारून बघा, फूटभरातच जांभ्यावर ठण्ण वाजली तर तेवढा भाग सोडून द्या, तिथे पैसे घालू नका.

रानमोडी (माळावर माजणारं झुडपी तण) असेल तर पावसाळ्यात माती ओली असतानाच मुळासकट उपटा, नुसती कोयत्याने तोडली की बुडातून परत फुटते, आणि एकदा फुलून बी उडालं की पुढच्या वर्षी दुप्पट काम. ऐन, किंजळ, जांभूळ असली झाडं मधे असतील तर तोडायच्या आधी परवानगी काढा, 1964 चा वृक्षतोडीचा कायदा आहे, झाड आपल्या सातबाऱ्यात असलं तरी लागू होतो.

आता जेसीबीचं. खूप जण म्हणतात एकदाच सगळा माळ खरडून साफ करून द्या. आमच्याकडे मशीन आहे, भाडं आम्हालाच मिळेल, तरी सांगतो नका करू. वरकस (डोंगरउताराच्या हलक्या) जमिनीत चांगली माती वरचीच थोडी, ती खरडली की मृगाच्या पहिल्या जोरदार सरीत खालच्याच्या भाताच्या मळ्यात जाते आणि तुमच्याकडे उरते लाल खडी. गवत पेटवून पण देऊ नका, वारा फिरला तर शेजाऱ्याची बाग जाते. ओळींच्या मधलं गवत राहू दे, माती धरून ठेवतं, कापलं की गुरांना होतं. साफ करायचं ते फक्त कलमाभोवती, मीटरभर गोल, मुळासकट.

काजूला अंतर 7 बाय 7 मीटर धरलं तर एकरी 80 च्या आसपास कलमं बसतात. खड्डा 60 सेंमी लांब, रुंद, खोल. फेब्रुवारी-मार्चमध्ये मारा आणि महिनाभर उन्हात उघडा ठेवा. खणताना वरची माती एका बाजूला, खालची दुसऱ्या बाजूला. भरताना वरची माती आणि घमेलंभर चांगलं कुजलेलं शेणखत, त्यात सुपर फॉस्फेट (आपली माती आम्लधर्मी, स्फुरद म्हणजे फॉस्फरस अडकवून ठेवते). कच्चा पाला किंवा गवत आत टाकू नका, वाळवीला आमंत्रण. खड्डा जमिनीपेक्षा थोडा उंच भरा, पावसात माती बसतेच, सपाट भरलात तर तिथे डबकं होतं. उतार असेल तर ओळी उताराला आडव्या धरा.

लावताना कलमाचा जोड मातीच्या वर राहिला पाहिजे, आणि जोडाखालून फुटवा आला की लगेच काढा, नाहीतर कलम मरतं नि गावठी काजू वाढतो, मग पाच वर्षांनी आमच्याशी भांडायला येता. वेंगुर्ला-4 आणि वेंगुर्ला-7 या काजूच्या दोन्ही जाती आमच्याकडे असतात, 7 ची बी मोठी.

कुंपण किंवा गडगा (दगडी बांध) आधी, कलम नंतर. जो माळ वर्षानुवर्षं गुरांना मोकळा होता तिथे गुरं येणारच, त्यांना कोण सांगणार आता इथे बाग आहे म्हणून. आणि दिवाळीनंतर करड सुकलं की बागेच्या चारी बाजूंनी दहा फुटांचा जाळपट्टा (आग अडवायला गवत काढून मोकळी केलेली पट्टी) काढा, वणव्यात दोन वर्षांची कलमं तासाभरात जातात.

कलमांचं बुकिंग मार्चपासून. येताना माळाच्या चार-पाच जागची वीतभर खोलीची माती एकत्र करून अर्धा किलो कापडी पिशवीत आणा, तपासायला आम्ही पाठवतो, लॅबची फी असेल तेवढीच घेतो. खड्ड्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेत तरी चालतील, फक्त आत पट्टी उभी धरून काढा, कारण गेल्या वर्षी एकाने शेजाऱ्याच्या विहिरीच्या खड्ड्याचा फोटो पाठवला होता.