निर्दोष सुटला, पण कुठल्या त्रुटीवर? कलम ५० आणि कलम ५२अ

एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, खटल्यात आरोपी सुटला की बातमीत ठरलेली ओळ येते: ‘प्रक्रियेतील त्रुटींमुळे निर्दोष मुक्तता’. सरकार अपिलात गेलं की मात्र त्रुटी कुठल्या कलमातली, याला फार महत्त्व येतं.

कलम ५० अंगझडतीचं. ‘जवळच्या राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा मॅजिस्ट्रेटसमोर झडती व्हावी, हा तुमचा हक्क आहे’, हे संशयिताला आधी सांगावंच लागतं. ‘आमचे साहेबही राजपत्रितच आहेत, त्यांच्यासमोर चालेल का?’ ही छापा पथकाची पळवाट सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बंद केली; दोन संशयितांना मिळून एकच नोटीस देणंही चूक ठरवलं. हक्कच सांगितला नसेल, तर अंगावर सापडलेला माल बाळगल्याचा पुरावा म्हणून चालत नाही (बलदेव सिंग निकाल, १९९९). दुसरा पुरावा नसेल तर खटला तिथेच आटोपतो. पण हे सगळं खिशातल्या चरसपुरतं! तोच चरस पाठीवरच्या सॅकमध्ये निघाला तर कलम ५० लागू होत नाही, हे २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट झालंय.

कलम ५२अ मुद्देमालाचं. जप्तीनंतर यादी, फोटो आणि मॅजिस्ट्रेटसमोर नमुने: गांजा, चरस, अफू असेल तर किमान २४ ग्रॅम, एरवी ५ ग्रॅम, तेही दोन-दोन. पोलिसांची जुनी सवय जागेवरच पंचांसमोर पुड्या बांधून सील लावायची. मोहनलाल निकालाने (२०१६) ती चुकीची ठरवली. तरीही नुसतं ५२अ पाळलं नाही म्हणून आरोपी आपोआप सुटत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. जप्त झालेला आणि प्रयोगशाळेत पोहोचलेला माल एकच होता का, हे बाकीच्या पुराव्यावरून पाहावं लागतं.

आता अपील. सुटलेल्या आरोपीच्या बाजूने निर्दोषत्वाचं गृहीतक दुप्पट भक्कम असतं. पुराव्यातून दोन मतं निघू शकत असतील तर उच्च न्यायालय सहसा सत्र न्यायालयाचं मत फिरवत नाही. म्हणून ‘५२अ पाळलं नाही, सबब मुक्त’ एवढ्यावर थांबलेला निकाल माझ्या मते अपिलात सर्वांत कच्चा. त्याच निकालात पंचनाम्यातलं वजन आणि प्रयोगशाळेतलं वजन जुळत नाही, मुद्देमाल रजिस्टरमध्ये सीलची नोंद नाही, असं लिहिलं असेल तर सरकारी वकिलाचं काम अवघड होतं.