एकात्मिक व कार्यात्मक पोषण

आहार, औषधे, तपासण्या, झोप आणि ताण यांचा एकत्र विचार करून तक्रारीचे मूळ शोधणारी आहारशास्त्राची शाखा. यातला 'कार्यात्मक' विचार अमेरिकेत जैवरसायनतज्ज्ञ जेफ्री ब्लँड यांनी रुजवला. १९९१ मध्ये त्यासाठी संस्था उभी राहिली.

पहिला धडा रुग्णाची हकिकत नीट टिपण्याचा: तक्रार कधी सुरू झाली, त्याआधी काय घडले, गोळ्या कोणत्या चालू आहेत. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या पायाला मुंग्या येत असतील, तर मधुमेहाला दोष देण्याआधी रक्तातले ब-१२ जीवनसत्त्व तपासावे. केसांसाठी बायोटिन हे जीवनसत्त्व चालू असेल, तर थायरॉइडचा अहवाल फसवा येऊ शकतो.

मुख्य हत्यार म्हणजे पदार्थ वगळून पुन्हा आणून पाहणे. याचा सर्वांत पक्का नमुना मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात आकाराला आलेला, आतड्यांच्या तक्रारींसाठीचा 'लो फॉडमॅप' आहार. फॉडमॅप म्हणजे नीट न पचता आतड्यात आंबणाऱ्या कर्बोदकांचे गट. २ ते ६ आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले, दूध, मध बंद. भात, ज्वारी, अंडी, मासे चालू. नंतर एका वेळी एकच गट तपासतात. दुधाचे उदाहरण: पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी एक कप, मग २-३ दिवस विश्रांती. दूध सोसले तरी बाकीचे गट तपासून होईपर्यंत ते रोजच्या जेवणात आणायचे नाही. आणले, तर पुढच्या त्रासाचे खापर कशावर फोडायचे ते कळत नाही.

मराठी स्वयंपाकात घोळ फोडणीत होतो. लसणातले फ्रुक्टान हे फॉडमॅप पाण्यात उतरते, तेलात नाही. म्हणून लसूण तेलात परतून पाकळ्या काढून टाकल्या, तर ते तेल चालते. वरणात उकळलेली पाकळी मागाहून काढून मात्र काही साधत नाही. बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो, हे गव्हातल्या ग्लुटेनने आतडे बिघडवणाऱ्या सिलिअ‍ॅकच्या रुग्णाने विसरू नये.

सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी गहू बंद करण्यापूर्वीच करावी. नंतर ती खोटी निर्दोष येऊ शकते. वगळण्याचा टप्पा महिनोन् महिने लांबवला, तर आतड्यातले उपयुक्त बिफिडोजंतू घटतात, आणि कडधान्ये सुटलेल्या शाकाहाऱ्याची प्रथिनेही. हातात शंभर पदार्थांची 'अ‍ॅलर्जी यादी' देणाऱ्या आयजीजी (रक्तातल्या एका प्रकारच्या प्रतिपिंडांच्या) चाचण्यांवर पैसे घालवू नयेत: ही प्रतिपिंडे बहुधा तो पदार्थ खाण्यात असल्याचे सांगतात, तो बाधतो असे नव्हे.