सांस्कृतिक नगराचा किताब: एथेन्सपासून वेंगुर्ल्यापर्यंत

आपल्याकडे कलेचा सन्मान माणसाला मिळतो, वास्तूला मिळतो. अख्ख्या गावाला मिळत नाही. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्या जपल्या, म्हणून 2021 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे आपल्या किनाऱ्यावरचे. दोन्ही वेळी कोकणात आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण एखाद्या नगरातल्या लोकांनी एकत्र बसून ‘या वर्षी देशाचं सांस्कृतिक नगर म्हणून आम्हाला निवडा’ असा अर्ज करायचा म्हटलं, तर तो द्यायचा कुठे? भारतात तशी स्पर्धाच नाही. ती असावी, आणि तिच्यात कोकणातल्या लहान बंदरांनी उतरावं, असं मला मनापासून वाटतं.

ही कल्पना मूळची ग्रीसची. अभिनेत्री म्हणून गाजलेल्या मेलिना मर्कुरी पुढे त्या देशाच्या सांस्कृतिक मंत्री झाल्या. युरोपातले देश व्यापारापुरतेच एकत्र येतात, दर वर्षी एक शहर निवडून कलेसाठीही यावं, असं त्यांनी सुचवलं. 1985 मध्ये पहिला मान एथेन्सला मिळाला. त्यानंतर फ्लॉरेन्स, ॲमस्टरडॅम, बर्लिन, पॅरिस अशी आधीच नावाजलेली शहरं आली. 1990 मध्ये ग्लासगोची निवड झाली आणि किताबाचा अर्थच बदलला. जहाजबांधणी बसल्यामुळे खंगलेलं ते कामगारांचं शहर. तिथून पुढे हा मान वैभवाची पावती राहिला नाही, उभारी धरण्याचं निमित्त झाला. 2008 मध्ये लिव्हरपूल या बंदराला तो मिळाला. त्याचा फायदा पाहून ब्रिटनने दर चार वर्षांनी देशापुरती वेगळी स्पर्धा सुरू केली: 2013 मध्ये डेरी, 2017 मध्ये हल, 2021 मध्ये कॉव्हेंट्री, 2025 मध्ये ब्रॅडफर्ड. आता लहान नगरांसाठीही तिथे स्वतंत्र किताब जाहीर झाला आहे.

या यादीतलं हल कोकणी माणसाने नीट पाहावं. उत्तर समुद्रालगतचं हे बंदर. इथले ट्रॉलर मासळीसाठी थेट आइसलंडच्या पाण्यात जात. मासेमारीच्या हद्दीवरून आइसलंडशी झालेला वाद 1976 मध्ये ब्रिटनच्या विरोधात मिटला आणि हलचा दूरच्या पाण्यातला ताफा संपत गेला. गोदीवरची माणसं बेकार झाली. पुढची कित्येक वर्षं बाहेरच्यांच्या लेखी हे नगर म्हणजे नुसती पडझड. 2017 च्या किताबाची निवड 2013 मध्ये झाली, तेव्हा डंडी, लेस्टर आणि स्वॉन्झी बे यांना मागे टाकून त्याने तो मिळवला. वर्षभराचे कार्यक्रम पार पाडायला गावातलेच दोन हजारांहून अधिक लोक स्वयंसेवक म्हणून उभे राहिले.

सिंधुदुर्गातल्या वेंगुर्ला बंदराची गोष्ट वेगळी असली तरी दुखणं ओळखीचं आहे. सतराव्या शतकात डचांनी इथे वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत. एकोणिसाव्या शतकात आंबोली घाटातून बेळगावकडचा माल याच बंदरात उतरायचा आणि चढायचा. गोव्यातलं मुरगाव बंदर रेल्वेने जोडलं गेलं, तशी घाटावरची वाहतूक तिकडे वळली. व्यापार गेल्यावर तरणी माणसं मुंबईच्या वाटेला लागली. कोकणातल्या बहुतेक बंदरांची हीच कथा आहे.

माणसं गेली, पण गावपण गेलं नाही. वेंगुर्ल्याइतके लेखक देणारे तालुके थोडे असतील. मंगेश पाडगावकर उभादांड्याचे. जयवंत दळवींचं गाव आरवली. चिं. त्र्यं. खानोलकरांचा जन्म याच तालुक्यातला. 2025 मध्ये राज्य सरकारने उभादांड्याला ‘कवितांचं गाव’ म्हणून पुढे आणलं. भिलार 2017 मध्ये ‘पुस्तकांचं गाव’ झालं, त्याच वाटेवरचं हे पाऊल. चांगलं पाऊल आहे. मात्र हे नाव सरकारने दिलेलं आहे. स्पर्धेत उतरायचं तर गावाला आपलं म्हणणं स्वतः मांडावं लागतं, आणि त्या मांडण्यातच गाव एकत्र येतं.

मांडण्यासारखं सगळ्यात मोठं काय असेल, तर दशावतार, जत्रेत रात्रभर चालणारं इथलं लोकनाट्य. शामजी नाईक काळे यांनी 1728 च्या सुमारास तो कोकणात आणला, असं परंपरेने मानलं जातं. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर ही मंडळांची नावं इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. देवळात पेटाऱ्याची पूजा होते. आधी आडदशावतार, त्यात गणपती, रिद्धी-सिद्धी आणि पोरांना घाबरवत फिरणारा संकासुर. मग आख्यान लागतं. संवादांची लिखित संहिता नसते. कथा ठरते आणि नट रंगमंचावर बोलत जातात. साथीला पायपेटी, पखवाज, झांज. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात. पहाटे दहीकाला होतो तेव्हा नाटक संपतं. दिवसा शेतात किंवा दुकानात राबणारा माणूस रात्री राजा होऊन तासभर उत्स्फूर्त, शुद्ध मराठीत बोलतो. हे ज्याने पाहिलं आहे, त्याला संस्कृती म्हणजे काय ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आरवलीच्या वेतोबाला वाहिल्या जाणाऱ्या भल्यामोठ्या चपला आणि केळ्यांचे घड, शतक ओलांडलेलं नगर वाचनालय, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून जाळं ओढायची रापण, हे सगळं त्याच अर्जात येईल.

स्पर्धेने गाव हलतं, हे महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नको. आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना 2000 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि बक्षिसासाठी गावंच्या गावं हातात झाडू घेऊन उतरली. केरळातल्या कोळिकोडने 2023 मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात साहित्याचं शहर म्हणून जागा मिळवली, भारतातलं पहिलंच. तेही अरबी समुद्रावरचं जुनं बंदर. वाचनालयं आणि वाचक यांच्या बळावर त्याने हे केलं.

धोके आहेत आणि ते आधीच पाहून ठेवायला हवेत. कॉव्हेंट्रीचा कार्यक्रम चालवणारी संस्था वर्ष उलटल्यावर, 2023 मध्ये, आर्थिक अडचणीत कोसळली. इथे मला जास्त भीती आहे ती दशावताराची. पर्यटकांच्या वेळेत बसावा म्हणून रात्रभराचा खेळ पाऊण तासावर आणला, की आख्यान जातं आणि मुकुट तेवढे उरतात. म्हणून अर्ज लिहिताना मंडळांचे मालक, देवस्थानचे मानकरी, रापणकर आणि वाचनालयाची माणसं नगरपरिषदेच्या बरोबरीने बसलेली हवीत. कार्यक्रमाचं वर्षही त्यांनीच ठरवावं. ब्रिटनच्या शहरांची वर्षं साधारण जानेवारीत सुरू होतात. वेंगुर्ल्याला ते जमणार नाही. इथल्या जत्रा तिथीने येतात आणि कार्तिकापासून रंगतात, तर पावसात दशावतारी आपापल्या शेतात असतात. तेव्हा इथलं सांस्कृतिक वर्ष कार्तिकातच सुरू करावं लागेल.