सोन्याच्या कणांची कसोटी

सोनं फार बारीक केलं की ते पिवळं राहत नाही. १५-२० नॅनोमीटरचे कण पाण्यात तरंगते ठेवले, तर पाणी डाळिंबाच्या रसासारखं लाल दिसतं. मायकेल फॅरेडे यांनी १८५० च्या दशकात लंडनमध्ये असं लाल पाणी बनवलं होतं. त्यातल्या काही बाटल्या तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपलेल्या आहेत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या केसाची जाडीच साधारण ८० हजार नॅनोमीटर भरते.

हा लाल रंग लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

इतक्या बारीक कणांवर औषध चिकटवून ते थेट कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचवावं, अशी कल्पना आहे. टीएनएफ नावाचं एक प्रथिन कॅन्सरच्या गाठीवर चालतं, पण ते नुसतंच रक्तात सोडलं तर रुग्णाचा रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली येतो. अमेरिकेत ते सुमारे २७ नॅनोमीटरच्या सोन्याच्या कणांवर बसवून रुग्णांना देण्यात आलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पहिल्या चाचणीत, एरवी सोसणार नाही एवढा डोस रुग्णांनी सोसला. कल्पना पोकळ नाही, म्हणूनच तिची तपासणी कडक हवी.

तपासणीची पहिली पायरी बहुधा प्लॅस्टिकच्या ९६ खाचांच्या प्लेटमध्ये घडते. खाचांमध्ये पेशी वाढवतात, त्यांवर कण सोडतात आणि एक-दोन दिवसांनी एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालतात. जिवंत पेशी त्याचं जांभळं करतात. जितकं जांभळं जास्त तितक्या पेशी जिवंत, असा हिशेब. जांभळ्याचं प्रमाण यंत्र मोजतं, ते त्यातून किती प्रकाश अडतो यावरून. आता तो लाल रंग आठवा. सोन्याचे कणही जवळपास त्याच पट्ट्यातला प्रकाश अडवतात. कण खाचेत उरले असतील तर त्यांनी अडवलेला प्रकाशही जांभळ्याच्या खात्यात जमा होतो आणि मेलेल्या पेशी कागदावर जिवंत होतात.

सोनार सोनं कसाला लावतो तेव्हा कसोटीच्या दगडावर कुणी शंका घेत नाही. इथे आधी दगडच तपासावा लागतो. म्हणून पेशी न घालता नुसते कण ठेवलेल्या खाचाही मोजतात, आणि एका पद्धतीवर न थांबता दुसरीही वापरतात. पेशी फुटली की आतलं एलडीएच हे एन्झाइम बाहेर सांडतं, ते मोजणं ही अशी दुसरी पद्धत. पण कण चांदीचे असतील तर तीही फसू शकते, कारण चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, त्या एन्झाइमलाच निकामी करतात. तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली पेशी प्रत्यक्ष बघण्याला पर्याय नाही, असं मला वाटतं.

उलटी फसगतही होते. कांडीच्या आकाराचे सोन्याचे कण, म्हणजे नॅनोरॉड, बनवताना सीटॅब नावाचा साबणासारखा पदार्थ वापरतात. कण नीट धुतले नाहीत तर पेशी मरतात, आणि मारेकरी सोनं नसून तो साबण असतो. जिवाणूंच्या भिंतीतलं एंडोटॉक्सिन नावाचं विषही असंच चोरपावलांनी शिरतं. पाणी उकळून ते जात नाही. काचेची भांडी २५० अंश सेल्सिअसला अर्धा तास भाजावी लागतात. ते राहून गेलं तर उंदराला दाह होतो आणि आळ कणांवर येतो. ते ओळखायची जुनी चाचणी हॉर्सशू क्रॅबच्या निळ्या रक्तावर बेतलेली आहे. घोड्याच्या नालेसारखा हा प्राणी आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. या चाचणीच्या रंगावर आधारलेल्या प्रकारातही सोन्याचा लाल रंग मध्ये येतोच.

मग सोनं सुरक्षित आहे की नाही? या प्रश्नाला असं एक उत्तर नाही, हे मी शक्य तितक्या स्पष्टपणे सांगू इच्छितो. २००५ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील डॉ. मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी साधारण साडेतीन नॅनोमीटरचे कण मॅक्रोफेज पेशींवर तपासले. शरीरात शिरलेलं परकं काहीही गिळणं हेच या पेशींचं काम, त्यामुळे कणांशी पहिली गाठ त्यांचीच पडते. पेशींनी कण गिळले, पण त्या मेल्या नाहीत आणि त्यांनी दाहाचे इशारेही दिले नाहीत. दोनच वर्षांनी जर्मनीतल्या आखेनच्या गटाला दिसलं की १.४ नॅनोमीटरचे सोन्याचे कण पेशींना मारतात, आणि १५ नॅनोमीटरचे मात्र साठपट मात्रेतही निरुपद्रवी ठरतात. धातू तोच. दोन्ही गटांच्या पेशी वेगळ्या, कणांवरची आवरणं वेगळी, आकार वेगळे. दोघेही बरोबर आहेत.

घरात कुणी विचारतं, ‘अहो, आपण सुवर्णभस्म खातोच की!’ पण पोटातून जाणं आणि शिरेतून थेट रक्तात जाणं यात फार अंतर आहे. रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर चढतो. पुढे शरीराची गाठ पडते ती कणाशी नव्हे, या अंगरख्याशी. साडेपाच-सहा नॅनोमीटरपेक्षा लहान कण मूत्रपिंडातून गाळून बाहेर पडू शकतात. मोठे कण यकृत आणि प्लीहा पकडून ठेवतात. टोरांटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रयोग एकत्र तपासून २०१६ मध्ये दाखवलं की टोचलेल्या नॅनोकणांपैकी मध्यक हिशेबाने (निम्म्या प्रयोगांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) ०.७ टक्केच गाठीत पोचतात. उरलेल्यांचा मोठा वाटा यकृतात जातो. उंदरांना ४० नॅनोमीटरचे सोन्याचे कण टोचले, तेव्हा सहा महिन्यांनीही यकृतातलं सोनं जेमतेम नऊ टक्क्यांनी घटलं होतं. दोन दिवसांच्या प्लेटमध्ये हे कधीच दिसलं नसतं. ‘सोन्याचे नॅनोकण पूर्ण सुरक्षित’ अशी बातमी वाचली की मी आधी शोधतो: किती दिवस पाहिलं, आणि यकृत पाहिलं का?

लोखंडाचं तसं नाही. लोह शरीराच्या ओळखीचं, ते सुटं करून रक्त बनवायला वापरता येतं. फेरुमोक्सिटॉल हे लोह ऑक्साइडच्या नॅनोकणांचं इंजेक्शन अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या ॲनिमियासाठी मंजूर झालं. तरी काही रुग्णांना जीवघेणी ॲलर्जी झाली, मृत्यूही झाले. २०१५ मध्ये त्याच्या वेष्टनावर सर्वांत कडक इशारा छापला गेला. पूर्वी झटकन टोचायचं ते इंजेक्शन आता पातळ करून किमान १५ मिनिटांत सावकाश द्यायचं ठरलं. औषध तेच, धोक्याचा एक भाग देण्याच्या वेगात होता.

भारतात २०१९ मध्ये जैवतंत्रज्ञान विभागाने आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना यांच्यासह नॅनो-औषधांच्या मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच वर्षीच्या नियमांनुसार औषध पोचवण्याची नवी पद्धत ही नवं औषधच मानली जाते. म्हणजे वर्षानुवर्षं दुकानात मिळणारं एखादं औषध उद्या सोन्याच्या कणावर बसवलं, तर ते जुनं राहत नाही. त्याची तपासणी नव्या औषधासारखीच करावी लागते.