डिझेल गाडी सकाळी एअर घेते? इलेक्ट्रिक पंप बसवण्याआधी हे वाचा

रात्रभर उभी असलेली जुनी जीप सकाळी पाच-सहा सेल मारल्याशिवाय उठत नाही, डिझेल लाइनचा हँड पंप मारला की लगेच चालू होते, आणि भरल्या गाडीने कुंभार्ली घाट चढताना दम सोडते. अशी गाडी घेऊन येणारे बहुतेक जण म्हणतात, "इलेक्ट्रिक पंप टाकून द्या." आम्ही टाकतो, पण आधी अर्धा तास तपासणीला द्या.

टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढून इंजिनाकडे पाठवणारा पंप) नळी ओढीवर चालते. तिला बारीक चीर पडली तर डिझेल ठिबकत नाही, उलट हवा आत शिरते. यालाच गाडी एअर घेते म्हणतात. जमिनीवर डाग दिसत नाही आणि खापर फुटतं ते पंपावर. म्हणून आम्ही फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडून इंजिन चालू ठेवतो. परवा एका जीपच्या नळीत साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक धावत होते. टाकीजवळचा कडक झालेला होज आणि दोन क्लिपा बदलल्या, काम झालं. पंप विकलाच नाही.

असा होज पुढे तसाच ठेवून त्याच्या मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप बसवला, तर त्याच चिरेतून आता डिझेल बाहेर येतं. म्हणून जुने होज आधी बदलावेच लागतात.

ऑइलची डिपस्टिकही घरी बघा. पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर बहुधा फीड पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) फाटून डिझेल ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतंय. ती गाडी चालवू नका. पातळ झालेल्या ऑइलवर बेअरिंग जातात. इलेक्ट्रिक पंप बसवताना आम्ही डायफ्रामचा जुना पंप काढून तिथे गॅस्केट घालून पट्टी मारतो. तो लाइनमध्ये राहिला आणि फाटला, तर नवा पंप दाबाने डिझेल ऑइलमध्येच ढकलेल.

पंप कमी दाबाचाच हवा, 4 ते 6 पीएसआयचा. पेट्रोल इंजेक्शनचा पंप स्वस्तात मिळाला म्हणून आणू नका. तो साधारण 3 बार दाब देतो, आणि रोटरी पंपाचं (इंजेक्टरला डिझेल देणारा मुख्य पंप) शाफ्ट सील त्याने गळू शकतं. कॉमन रेल गाडीला (नव्या पद्धतीचं, खूप जास्त दाबाचं डिझेल इंजिन) हे काम आम्ही करत नाही.

खरा वेळ जातो वायरिंगला. इग्निशनच्या बारीक वायरला जोड मारून पंप चालवला की स्विच तापतो आणि पंपाला पुरेसे व्होल्ट मिळत नाहीत. आम्ही बॅटरीवरून 2.5 चौरस मिमीची वेगळी वायर घेतो. बॅटरीजवळच 10 अँपिअरचा फ्यूज, मग रिलेचा (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) 30 नंबरचा पिन, आणि 87 वरून पंप. इग्निशनची वायर फक्त 86 ला, 85 ला अर्थिंग. चासीचा रंग खरवडून, उघड्या लोखंडावर अर्थिंगचा थिंबल बसवतो आणि वरून ग्रीस लावतो. नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे हिरवा गंज धरतो. शेवटी पंप चालू असताना मीटर लावून बघतो. बॅटरी आणि पंप यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर गाडी सोडत नाही.

86 च्या वायरीत एक इनर्शिया स्विचही (जोराचा धक्का बसला की करंट तोडणारा) असतो. अपघात होऊन चावी ऑन राहिली तरी पंप डिझेल फेकत राहू नये, यासाठी तो आहे. हा स्विच काढायला सांगू नका.

चावी ऑन केल्यावर मागून बारीक घरघर यायला हवी. मोठा खड्डा आपटल्यावर ती बंद झाली, तर आधी डिझेल कुठे गळतंय का बघा, मग डॅशखालचं, त्या स्विचचं लाल बटण दाबा. तरीही आवाज नाही आला तर फ्यूज बघा. जादा फ्यूज त्याच फ्यूजच्या झाकणाच्या आत चिकटवलेला आहे.