जुन्या गाडीत बसणारा नवा आरसा: ऑटो-डिमिंग मिररची पार्श्वभूमी

रात्री मागून येणाऱ्या गाडीने अपर लाइट लावून ठेवला की आतल्या आरशातून तो झोत थेट डोळ्यांवर येतो, डोळे दिपतात आणि पुढचे काही क्षण समोरचा रस्ताही धड दिसत नाही. असा प्रकाश पडताच आपोआप काळवंडणारा आरसा आता अनेक नव्या गाड्यांच्या वरच्या प्रकारांत कंपनीतूनच बसवून मिळतो. दहा-पंधरा वर्षे वापरलेली, पण जिवापाड जपलेली गाडी असणारे काही जण तो स्वतंत्रपणे विकत घेऊन बसवून घेतात. आधुनिक गाडीतल्या बहुतेक इलेक्ट्रॉनिक सोयी जुन्या गाडीत आणता येत नाहीत, कारण त्या गाडीच्या संगणकाशी आणि इतर यंत्रणांशी बांधलेल्या असतात. हा आरसा मात्र सत्तरच्या दशकातल्या गाडीतही चालू शकतो. असे का होते, हे समजण्यासाठी आरसा ज्या टप्प्यांतून इथवर आला ते पाहावे लागते.

मोटारीत मागचे दिसावे म्हणून आरसा वापरण्याची कल्पना मोटारींइतकीच जुनी म्हणता येईल. ब्रिटिश मोटारचालक डोरोथी लेव्हिट यांनी १९०९ मध्येच स्त्रियांना सल्ला दिला होता की, गाडीत हातात धरायचा लहान आरसा जवळ ठेवावा आणि मधूनमधून तो उंच धरून मागची रहदारी पाहावी. १९११ च्या अमेरिकेतल्या पहिल्या इंडियानापोलिस ५०० मोटार शर्यतीत इतर गाड्यांमध्ये चालकाशेजारी मेकॅनिक बसत असे आणि मागून कोण येत आहे हे सांगण्याचे काम त्याच्याकडे असे. रे हॅरून मात्र एकट्यानेच गाडी चालवणार होते, म्हणून त्यांनी आपल्या मार्मन वास्प गाडीवर आरसा लावला आणि ती शर्यत जिंकली. विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता की त्यात फारसे काही दिसलेच नाही, असे पुढे त्यांनीच सांगितले. १९२१ मध्ये एल्मर बर्जर यांनी अशा आरशाचे पेटंट घेतले आणि त्यानंतर तो सर्वसामान्य मोटारींवर रुळत गेला.

मोटारींचे दिवे प्रखर होत गेले, तशी आरशामुळे नवीच अडचण उभी राहिली. तिच्यावरचा पहिला टिकाऊ उपाय अतिशय साधा होता आणि माझ्या मते तो आजही कौतुकास्पद आहे. या आरशाची काच सपाट नसते. ती पाचरीसारखी, एका कडेला किंचित जाड आणि दुसऱ्या कडेला किंचित पातळ असते आणि तिच्या मागच्या पृष्ठभागावर चकचकीत लेप असतो. दिवसा आपण या मागच्या लेपावरचे प्रतिबिंब पाहतो. रात्री आरशाखालचा लहानसा खटका ओढला की लेपावरचे तेजस्वी प्रतिबिंब छताकडे वळते आणि डोळ्यांपर्यंत पोहोचते ते फक्त काचेच्या पुढच्या, लेप नसलेल्या पृष्ठभागावरचे प्रतिबिंब. साधी काच आपल्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्केच परत फेकते, त्यामुळे मागच्या दिव्यांचे मंद ठिपके दिसतात आणि डोळ्यांवर ताण येत नाही. वायर नाही, बॅटरी नाही, बिघडण्यासारखे काहीही नाही. उणीव एवढीच की या आरशाच्या दोनच अवस्था आहेत आणि खटका ओढायला हात मोकळा असावा लागतो. घाटातल्या वळणावर मागचा दिवा अचानक डोळ्यांत घुसतो तेव्हा नेमका तोच मोकळा नसतो.

हे काम हाताकडून काढून घेण्याचा गंभीर प्रयत्न क्रायस्लर कंपनीने १९५९ मध्ये केला. ‘मिरर-मॅटिक’ नावाच्या त्या आरशात प्रकाश ओळखणारा घटक होता आणि ठरावीक तीव्रतेचा झोत आला की विद्युत यंत्रणा आरशाला आपोआप रात्रीच्या स्थितीत तिरका करीत असे. तत्त्व जुन्या पाचरीचेच होते; खटका ओढणारे बोट तेवढे बदलले होते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातल्या झीलंड या लहान गावी १९७४ मध्ये स्थापन झालेल्या जेंटेक्स कंपनीने १९८२ मध्ये बाजारात आणलेला पहिला स्वयंचलित आरसाही याच जातीचा होता आणि त्यात काच हलवायला मोटार होती. ही कंपनी मुळात धूर ओळखणारी उपकरणे बनवीत असे. धुराने विखुरलेला प्रकाश टिपणारा संवेदक हेच तिचे मूळ कसब असल्याने आगीच्या सूचनेपासून मोटारीच्या आरशापर्यंतची ही उडी वाटते तितकी लांबची नव्हती.

खरा बदल मात्र रसायनशास्त्रातून आला. विजेमुळे पदार्थाचा रंग बदलण्याच्या गुणधर्मासाठी ‘इलेक्ट्रोक्रोमिझम’ ही संज्ञा शास्त्रज्ञ जॉन प्लॅट यांनी १९६१ मध्ये वापरली आणि सत्येन देब यांनी १९६९ मध्ये टंगस्टन ऑक्साईडच्या पातळ थरावर हा परिणाम दाखवून दिला. जेंटेक्समध्ये काम करणारे रसायनशास्त्रज्ञ हार्लन बायकर यांनी याच गुणधर्मासाठी घन थराऐवजी द्रावणाचा मार्ग निवडला. पारदर्शक पण विद्युतवाहक लेप दिलेल्या दोन काचांच्या मधल्या अगदी अरुंद फटीत त्यांनी असे द्रावण भरले, ज्यातील एक संयुग ऋण बाजूला इलेक्ट्रॉन घेऊन रंगीत होते आणि दुसरे धन बाजूला इलेक्ट्रॉन देऊन रंगीत होते. पहिल्या प्रकारची व्हायोलोजेन ही संयुगे लिओनोर मायकेलिस यांनी १९३० च्या दशकातच अभ्यासली होती. सुमारे एक व्होल्टचा दाब दिला की काही सेकंदांत द्रावण गडद होते. दाब काढला की दोन्ही रंगीत रूपे द्रावणात एकमेकांना भेटतात, इलेक्ट्रॉनची देवघेव उलटी होते आणि आरसा पुन्हा स्वच्छ होतो. या तत्त्वावरचा आतला आरसा १९८७ मध्ये बाजारात आला आणि १९९१ पासून बाहेरचे आरसेही येऊ लागले.

द्रावणाच्या या निवडीचे महत्त्व पुरेसे ओळखले जात नाही, असे मला वाटते. रंग टिकवून ठेवणारा घन थर असता तर आरसा गडद असताना वीज गेल्यास तो तसाच अंधारलेला राहू शकला असता. द्रावणाचा आरसा वीज जाताच आपणहून उजळतो, म्हणजे यंत्रणा बिघडली तरी चालकाला साधा आरसा उरतोच. शिवाय पाचरीच्या आरशासारख्या दोनच अवस्थांऐवजी याला प्रकाशाच्या प्रमाणात कमीजास्त गडद होता येते. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानक क्रमांक १११ नुसार आरशाने सर्वसाधारणपणे किमान ३५ टक्के प्रकाश परत फेकला पाहिजे, तर प्रकाश कमी करता येणाऱ्या आरशाला रात्री ४ टक्क्यांपर्यंत खाली येण्याची मुभा आहे. हा खालचा आकडा साध्या काचेच्या परावर्तनाशी, म्हणजे पाचरीच्या आरशाच्या रात्रीच्या स्थितीशी जुळतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. या आरशाला लागणारी सगळी अक्कल त्याच्या स्वतःच्या खोक्यात असते. विंडस्क्रीनच्या दिशेने पाहणारा एक संवेदक बाहेर अंधार आहे की उजेड हे मोजतो, मागे पाहणारा दुसरा संवेदक झोताची तीव्रता मोजतो आणि आतले छोटे सर्किट दोन्हींची तुलना करून दाब ठरवते. गाडीकडून त्याला हवे असते ते इतकेच: इग्निशन सुरू असतानाच मिळणारे १२ व्होल्ट, एक अर्थिंग आणि जमल्यास रिव्हर्स लाइटच्या वायरीतून एक जोड, म्हणजे गाडी मागे घेताना आरसा उजळ राहील. कंपन्यांनी हा आरसा वेगवेगळ्या कारखान्यांच्या गाड्यांत बसवता यावा म्हणून स्वयंपूर्ण केला आणि त्याच स्वयंपूर्णतेमुळे तो जुन्या गाड्यांसाठीही खुला झाला. अमेरिकेत भंगारात निघालेल्या गाड्यांमधून हे आरसे काढून जुन्या गाड्यांत बसवण्याची पद्धत याच कारणाने रुजली.

आपल्याकडे या सोयीची गरज उशिरा जाणवली. एकेकाळी आपल्या शहरांत हेडलाइटच्या काचेवर काळा ठिपका लावत किंवा वरचा अर्धा भाग रंगवत. झोत उगमापाशीच अडवण्याचा तो मार्ग होता. पुढे मागच्या काचेवर गडद फिल्म लावण्याची लाट आली आणि तिने नकळत आरशातला झोतही मंद केला. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ च्या निकालाने अशा फिल्म काढायला लावल्या, त्या योग्य कारणासाठीच. पण त्यानंतरच्या काळात हॅलोजनची जागा पांढऱ्या शुभ्र एलईडी दिव्यांनी घेतली आणि उंच बांध्याच्या एसयूव्ही वाढल्या, तेव्हा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर रात्री बुटकी हॅचबॅक चालवणाऱ्याला आरसा सतत रात्रीच्या स्थितीत ठेवावासा वाटू लागला.

जुन्या गाडीत हा आरसा बसवताना तिचे वय ठिकठिकाणी जाणवते. पन्नाशीच्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक अर्थिंगला जोडलेले असे, तर जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये ६ व्होल्टची यंत्रणा होती. अशा गाडीत आधी विद्युत यंत्रणा बदलल्याशिवाय हा आरसा जोडू नये. ज्या गाडीत मूळ आरसा छताला स्क्रूने बसवलेला असतो तिथे काचेवर चिकटवायचा धातूचा बटण-माउंट वेगळा लावावा लागतो आणि स्वयंचलित आरसा जड असल्याने त्यासाठी काचेवरच्या आरशाकरिता बनवलेला गोंदच वापरावा लागतो. विंडस्क्रीनच्या वरच्या कडेला गडद पट्टी असेल तर पुढचा संवेदक तिच्या मागे झाकला जाणार नाही अशी जागा निवडावी, नाहीतर आरसा भर दिवसाही रात्र समजतो. वायर छताच्या अस्तराखालून आणि खिडकीकडच्या खांबातून फ्यूज बॉक्सपर्यंत न्यावी लागते; त्या खांबात पडद्यासारखी उघडणारी एअरबॅग असेल तर वायर तिच्या मागूनच गेली पाहिजे, आणि हे काम अनुभवी वायरमनकडूनच करून घ्यावे.

वापरलेला आरसा घेणार असाल तर काचेच्या कडा नीट पाहाव्यात. सील जुने झाले की कडेला तपकिरी डाग किंवा बुडबुडे दिसतात आणि तडा गेलेल्या काचेतून गळणारे द्रावण डॅशबोर्डवर डाग पाडते. विकत घेण्याआधी १२ व्होल्टची जोडणी करून पुढचा संवेदक बोटाने झाकावा आणि मागच्या संवेदकावर टॉर्च मारावा: चांगल्या स्थितीतला आरसा काही सेकंदांत सर्वत्र सारखाच काळवंडतो आणि टॉर्च हटवल्यावर हळूहळू पूर्ववत स्वच्छ होतो.